शनवार तेल्यांची मराठी : मुंबई बंदरातील ज्यू वारशाचा पुनर्विचार

मुंबईतल्या ज्यूंचा विषय निघाला की आपल्याला आधी ससून घराणे आठवते. कुलाब्याची ससून गोदी, काळा घोड्याजवळचे डेव्हिड ससून ग्रंथालय, त्याच परिसरातले १८८४ सालचे केनेसेथ एलियाहू सिनेगॉग, भायखळ्याचे मागेन डेव्हिड आणि पुण्यात गेल्यास ससून रुग्णालय व 'लाल देऊळ'. वारसा म्हणून जे दाखवले जाते, ज्याची छायाचित्रे छापली जातात, ते बहुतेक एवढेच असते. या इमारती देखण्या आहेत आणि त्यांचे जतन झाले पाहिजे, याबद्दल वाद नाही. परंतु ही यादी वाचताना एक प्रश्न पडतो. डेव्हिड ससून बगदादहून निघून १८३२ च्या सुमारास मुंबईत स्थिरावला. त्या वेळी या शहरात ज्यूंचे एक प्रार्थनास्थळ उभे राहून छत्तीस वर्षे झाली होती. ते बांधणाऱ्याचे नाव सामाजी हसाजी दिवेकर. हा माणूस मराठी बोलत होता. मग बंदराच्या ज्यू इतिहासाची सुरुवात आपण ससूनपासून का करतो?

मी हे अमडापुरात बसून लिहीत आहे. चिखली तालुक्यातल्या या गावातून समुद्र दिसत नाही, आणि येथील माणसाने बंदरावरच्या ज्यूंविषयी का लिहावे, असे कोणी विचारील. त्याला दोन उत्तरे आहेत. पहिले कापसाचे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ मध्ये, इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आमच्या जिल्ह्यातले खामगाव ही त्या व्यापाराची मोठी पेठ. तेथल्या गाठी नेण्यासाठी जलंब ते खामगाव असा खास रेल्वेचा फाटा टाकला गेला व १८७० मध्ये लॉर्ड मेयोच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्या तेजीत ज्या पेढ्यांनी मुंबईत अमाप पैसा कमावला त्यांत ससूनांची पेढी होती. १८७५ मध्ये पुऱ्या झालेल्या ससून गोदीच्या पायाशी वऱ्हाडच्या काळ्या मातीचाही काही अंश आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. अर्थात अफूचा अंशही आहे. तो विसरून चालणार नाही.

दुसरे उत्तर तेलाचे, आणि या लेखाचा विषय तेच आहे. करडई, जवस, तीळ यांच्या प्रदेशातल्या माणसाला घाणा म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, घाण्यावर तेल गाळणारा एक समाज होता. तो शनिवारी घाणा जुंपत नसे. त्यांना गावाने नाव दिले 'शनवार तेली'. हे लोक स्वतःला बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलची लेकरे, म्हणवत. ससूनांच्या इमारतींनी ज्यांना झाकून टाकले ते हे ज्यू. माझे म्हणणे असे की मुंबईच्या ज्यू वारशाचा मोठा आणि अधिक मोलाचा भाग दगडात नसून मराठी भाषेत आहे. आणि तो आपल्या वाङ्मयेतिहासाच्या बाहेर राहिला आहे.

१. चौदा जणांची कथा

बेने इस्राएलांची उगमकथा सर्वपरिचित आहे. अलिबागच्या उत्तरेला नवगावजवळ एक गलबत फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. बाकीच्यांची प्रेते नवगावला पुरण्यात आली. तेथील दफनभूमी आजही दाखवतात आणि तेथे स्मारकही आहे. ही घटना कधीची, यावर एकमत नाही. समाजाचे पहिले इतिहासकार हाईम सॅम्युएल केहीमकर ती इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात नेतात. नंतरचे अभ्यासक ती बरीच अलीकडे आणतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या समाजात ज्यू आणि भारतीय अशा दोन्ही वंशांचा भरीव वाटा आढळला. परंपरा जे सांगते त्याला यातून आधार मिळतो, पण तारीख मिळत नाही.

मराठी वाचकाने या कथेत आणखी एक गोष्ट पाहावी. समुद्रातून वाहून आलेली चौदा प्रेते आणि परशुरामाने त्यांना दिलेले जीवन ही चित्पावनांची कथा. कोकणच्या एकाच किनाऱ्यावर दोन समाज आपला उगम समुद्रात शोधतात आणि दोघेही चौदाच मोजतात. हे साम्य अभ्यासकांच्या नजरेतून सुटलेले नाही. कोणी कोणाकडून घेतले, हा वाद मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. बेने इस्राएलांनी आपली कथा सांगितली ती कोकणच्या कथनरीतीत सांगितली, एवढे त्यातून नक्की दिसते. आडनावेही त्याच मातीतली. केहीम गावचे केहीमकर, चौलचे चेऊलकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, दिवेचे दिवेकर. सॅम्युएलचा सामाजी झाला, इझिकिएलचा हसाजी, बेंजामिनचा बनाजी.

२. सणांची नावे

केहीमकरांनी जुन्या पिढीच्या सणांची जी नावे नोंदवली आहेत, ती या लेखातला माझा सर्वांत भक्कम पुरावा आहे. हिब्रू नववर्षाला ते 'नव्याचा सण' म्हणत. त्यानंतर येई 'खिरीचा सण'. योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवशी दारे लावून घरात बसायचे, म्हणून तो 'दारफळणीचा सण', आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी 'शिळा सण'. पुरीमला 'होळीचा सण' म्हणत. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या शोकदिनी बिरडे खात, म्हणून तो 'बिरड्याचा सण'. इजिप्तच्या दास्यातून सुटकेच्या सणाला, पेसाखला, 'अनाशी ढाकाचा सण' हे नाव होते. अनाशी म्हणजे आंबट कालवण साठवण्याचे भांडे. ते या दिवसांत झाकून ठेवत. उपवासाच्या एका महिन्याला चक्क 'रमजान' म्हणत.

ही नावे नीट वाचली तर त्यांत एका समाजाच्या स्मृतीचा सारा व्यवहार दिसतो. मोझेस, इजिप्त, आंबवलेल्या पिठाचा निषेध, हे सारे मागे पडले होते. पण आंबट वस्तूचे भांडे या दिवसांत झाकायचे, ही कृती स्वयंपाकघरात टिकली. धर्मग्रंथ हाताशी नसताना धर्म राहिला तो बायकांच्या हातात, आणि त्याला नाव मिळाले ते कोकणी स्वयंपाकघरातल्या मराठीचे. प्रेषित एलिया, म्हणजे एलियाहू हन्नाबी, यांच्या स्मरणार्थ पोहे, गूळ, ओले खोबरे आणि फळे यांचा 'मलिदा' करायचा, ही रीत आजही पाळली जाते. अलिबागजवळच्या खंडाळ्यात खडकावरच्या खुणा एलियाच्या रथाच्या म्हणून दाखवतात. मलिदा हा शब्द मुसलमान शेजाऱ्यांचा, पोहे कोकणचे आणि प्रेषित इस्राएलचा.

येथेच एका सोयीस्कर समजुतीलाही हात घातला पाहिजे. 'भारतात ज्यूंचा कधी छळ झाला नाही' हे वाक्य आपण अभिमानाने उच्चारतो. बेने इस्राएलांच्या बाबतीत ते खरेही आहे. परंतु त्यांना सामावून घेतले गेले ते कोणत्या चौकटीत? 'शनवार तेली' हे नाव कौतुकाने दिलेले नव्हते. त्याने त्यांची जातिव्यवस्थेतली जागा ठरवून टाकली. आणि ती व्यवस्था त्यांच्या घरातही शिरली. त्यांच्यातच 'गोरे' आणि 'काळे' असे भेद होते, बेटीव्यवहार होत नसे. सहिष्णुतेची कथा सांगताना हा भाग गाळला तर इतिहासाऐवजी केवळ आत्मस्तुती हाती राहते.

३. मशीद आणि छापखाना

अठराव्या शतकाच्या मध्यापासून बेने इस्राएल मुंबईत येऊ लागले. तेलाचा घाणा सुटला आणि पलटण आली. कंपनीच्या देशी पलटणींत त्यांनी शिपाई ते सुभेदार-मेजर अशा हुद्द्यांवर नोकऱ्या केल्या. काही सुतार, गवंडी झाले, पुढे कारकून झाले. सामाजी दिवेकर हे पलटणीतलेच अधिकारी. टिपू सुलतानाच्या कैदेत पडले असता आपण बेने इस्राएल आहोत असे त्यांनी सांगितले व त्यांचा जीव वाचला, अशी समाजात कथा आहे. सुटकेची कृतज्ञता म्हणून त्यांनी १७९६ मध्ये मांडवी भागात शाआर हाराहामीम, म्हणजे दयेचे द्वार, हे सिनेगॉग बांधले. १८६० मध्ये ते जवळच्या जागी हलवले गेले. तेथील रस्त्याला सॅम्युएल स्ट्रीट म्हणतात तो याच सामाजीच्या नावाने. बेने इस्राएल आपल्या प्रार्थनास्थळाला 'मशीद' म्हणत; पुढे दुसरे सिनेगॉग झाल्यावर ही 'जुनी मशीद' झाली. मस्जिद बंदर स्थानकाचे नाव या मशिदीवरून पडले, असे सांगतात. ते खरे असो वा नसो, शब्द मात्र खरा आहे. सिनेगॉगला मशीद म्हणणारे ज्यू आणि त्यात कोणालाही काही वावगे न वाटणे, हे मुंबईच्या जुन्या भाषेचे एक रूप आहे.

यानंतरचा अध्याय अधिक विलक्षण आहे. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आला. बेने इस्राएलांना ख्रिस्ती करण्याच्या उमेदीने त्याने १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण प्रसिद्ध केले. मिशनच्या शाळांत समाजाची मुले जाऊ लागली. जुन्या कराराची मराठी भाषांतरे त्यांच्या हाती आली. धर्मांतरे फारच थोडी झाली. उलट, ज्या व्याकरणाने त्यांना ख्रिस्ताकडे न्यायचे ते त्यांना त्यांच्याच धर्मग्रंथाकडे घेऊन गेले. जगातील बहुतेक ज्यू हिब्रूतून अन्य भाषांकडे गेले. बेने इस्राएल मराठीतून हिब्रूकडे आले. हा उलटा प्रवास लक्षात घेतल्याशिवाय त्यांचे लेखन समजत नाही.

१८४६ मध्ये मुंबईत शिळाछापावर मराठी भाषांतरासह हगादा निघाली. पेसाखच्या रात्री घरात वाचायची ही पोथी. १८७४ मध्ये पुण्यात दुसरी निघाली, ती सचित्र होती. तिच्या चित्रात बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका साड्या नेसलेल्या आहेत. इजिप्तमधून निघालेल्या लोकांची गोष्ट, आणि ती सांगणाऱ्या चित्रात कोकण-पुण्याच्या बायका. हिब्रू पुस्तकांच्या जागतिक संग्राहकांना या पोथीचे मोल कळले. मराठी मुद्रणाच्या इतिहासात तिला तेवढी जागा मिळायला हवी.

४. कीर्तन

या साऱ्या लेखनात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते बेने इस्राएलांचे कीर्तन. १८८० च्या सुमारास मुंबईतल्या काही तरुणांनी नारदीय कीर्तनाचा साचा घेतला आणि त्यात अब्राहाम, योसेफ, मोझेस यांची आख्याने बसवली. साकी, दिंडी, आर्या, ओवी, पदे हे सारे तेच. देव मात्र मूर्तीविना. ही कीर्तने छापली गेली, सिनेगॉगांच्या परिसरात आणि घराघरांत झाली.

याकडे 'सांस्कृतिक समन्वयाचे सुंदर उदाहरण' म्हणून पाहून थांबणे सोपे आहे. मला त्यात अधिक काही दिसते. मिशनरी प्रवचन देत होते. सुधारलेल्या हिंदू समाजात कीर्तन हे लोकशिक्षणाचे साधन बनत होते. अशा वेळी, आपल्या लोकांना आपला धर्म नव्याने शिकवायचा तर कोणत्या रूपात, हा निर्णय होता. त्यांनी पुलपिट नाकारले आणि झांजा घेतल्या. मोझेसची गोष्ट ऐकणाऱ्या माणसाच्या कानाला दिंडीची चाल ओळखीची असेल तर गोष्टही ओळखीची होते, हे त्यांना कळले होते. 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापणारे फादर स्टीफन्स बाहेरून येऊन ओवी शिकले होते. बेने इस्राएलांना ओवी शिकावी लागली नाही. ती जात्यावर त्यांच्या घरात होतीच. म्हणून 'ख्रिस्तपुराणा'ला आपण मराठी वाङ्मयात जे मानाचे पान देतो, त्याच्या शेजारी या आख्यानांना निदान एक परिच्छेद मिळायला हवा. माझ्या पाहण्यातल्या वाङ्मयेतिहासांत तो सहसा नाही.

याच काळात जोसेफ इझिकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ एकामागून एक मराठीत आणले. ते डेव्हिड ससून यांच्या संस्थेच्या शाळेचे मुख्याध्यापक होते आणि मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक. ससूनच्या पैशाने चाललेल्या शाळेत बसून एक बेने इस्राएल मराठी गद्य घडवत होता, हे चित्र दोन समाजांच्या नात्याची एक बाजू दाखवते.

दुसरी बाजू कडू आहे. १८३६ मध्ये बगदादी ज्यूंनी सरकारकडे अर्ज केला की सामाईक दफनभूमीत आपल्या आणि बेने इस्राएलांच्या कबरींमध्ये भिंत घालू द्यावी. बगदादींना बेने इस्राएलांच्या शुद्धतेविषयी शंका होती. हा संशय शंभर वर्षे टिकला. रंगूनच्या सिनेगॉगमधील बेने इस्राएलांच्या मताधिकाराचा वाद १९३० च्या दशकात न्यायालयापर्यंत गेला. ससूनांच्या इमारतींनाच 'मुंबईचा ज्यू वारसा' म्हणताना आपण नकळत त्या भिंतीच्या एका बाजूला उभे राहतो.

५. मराठीतून बाहेर

आता माझ्याच म्हणण्याविरुद्धचा पुरावा पाहिला पाहिजे. बेने इस्राएल स्वतः मराठीत राहिले का? केहीमकरांनी १८७५ मध्ये समाजासाठी शाळा काढण्यात पुढाकार घेतला. तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. पण समाजाचा इतिहास त्यांनी १८९७ मध्ये लिहिला तो इंग्रजीत. आणि तो छापला गेला १९३७ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, तेल अवीवमध्ये. तो जगातील ज्यूंसमोर 'आम्हीही ज्यूच' हे सिद्ध करण्यासाठी लिहिला होता. आणि तो खटला मराठीत चालणार नव्हता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात समाजाची मासिके इंग्रजी आणि मराठी अशी दोन्ही भाषांत निघत. डॉ. ई. मोझेस १९३७ मध्ये मुंबईचे महापौर झाले. डेव्हिड अब्राहाम चेऊलकर चित्रपटात गेले. 'आलम आरा'शी जोडलेले जोसेफ डेव्हिड पेणकर पारशी रंगभूमीचे नाटककार झाले. शहराने दार उघडले, आणि त्या दारातून जाताना भाषा इंग्रजी, उर्दू वा हिंदी होती.

निस्सीम इझिकिएल (१९२४–२००४) हे या प्रवासाचे सर्वांत प्रसिद्ध टोक. त्यांचे वडील विल्सन कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. निस्सीमही तेथेच शिकले. मराठीतून हिब्रू शिकवणाऱ्या जॉन विल्सनच्या नावाच्या कॉलेजातून भारतीय इंग्रजी कवितेचा एक प्रवर्तक बाहेर पडावा, यात इतिहासाची गंमत आहे. समीक्षक त्यांना मुंबईचे कवी, परकेपणाचे कवी म्हणतात. परंतु याच निस्सीमने वृंदा नाबर यांच्यासह इंदिरा संतांच्या कविता इंग्रजीत नेल्या. मराठी त्यांच्या मागे होती. ती त्यांच्या कवितेची भाषा झाली नाही, एवढेच. एस्तेर डेव्हिड यांनी 'द बुक ऑफ रेचल' या कादंबरीत अलिबागजवळच्या किनाऱ्यावर एकटीने सिनेगॉग सांभाळणारी बाई उभी केली, तीही इंग्रजीत. म्हणजे शनवार तेल्यांचे घर कादंबरीत आले तेव्हा मराठी वाचकाला ते परभाषेतून पाहावे लागले.

तेव्हा दोष एकट्या मराठी समीक्षेचा नाही. पण एक फरक आहे. त्यांनी इंग्रजी निवडली ती पोटासाठी आणि ओळखीसाठी. आपण त्यांचे मराठी लेखन विसरलो त्याला मात्र असे कोणतेच कारण नव्हते.

६. मायबोली

१९४८ नंतर बहुसंख्य बेने इस्राएल इस्राएलला गेले. तेथे त्यांना पुन्हा तोच प्रश्न विचारला गेला: तुम्ही खरे ज्यू का? १९६० च्या दशकाच्या आरंभी धर्मपीठाने त्यांच्या विवाहांबाबत चौकशीची अट घातली, आंदोलने झाली, ऑगस्ट १९६४ मध्ये तेथील संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले. भारतात ज्यांना शनिवारच्या सुट्टीवरून ओळखले, त्यांना सब्बाथाच्या देशात आपले ज्यूपण सिद्ध करावे लागले.

आणि तेथे, लोद, अश्दोद, बीरशेबा, दिमोना येथल्या घरांत, मराठी पुन्हा वर आली. १९८० च्या दशकात 'मायबोली' हे मराठी नियतकालिक इस्राएलात निघू लागले. बायका वह्यांतून उतरवलेली जुनी मराठी गाणी, कीर्तनांतली पदे एकत्र बसून गात राहिल्या. कीर्तन मुंबईत मागे पडले, पण त्यातले पद वाळवंटाच्या कडेला टिकले. नव्या पिढीची भाषा हिब्रू आहे. मराठी वाचणारे वयाने उतरणीला लागले आहेत.

महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. अलिबागची इस्राएल आळी, तेथले मागेन आबोथ सिनेगॉग, रेवदंड्याचे बेथ एल, ठाण्याचे शाआर हाशामाईम अजून उभे आहेत. त्यांची देखभाल होईल तर चांगलेच. पण कागदाला दगडाइतके आयुष्य नसते. १८८० नंतरची कीर्तने, राजपूरकरांची भाषांतरे, दुभाषी मासिकांतला मराठी मजकूर हे सारे विखुरलेले आहे. पारंपरिक आख्यानांच्या शास्त्रशुद्ध आवृत्त्या काढण्याचा आपल्या विद्यापीठांना अनुभव आहे. बेने इस्राएल आख्यानांची एक निवड, छंदांच्या आणि शब्दांच्या टिपांसह, 'मायबोली'चे वाचक हयात असतानाच निघाली, तर त्या टिपा पुस्तकांवरून लिहाव्या लागणार नाहीत. 'दारफळणी' म्हणजे नेमके काय, आणि अनाशीचे भांडे कसे असे, हे सांगणारी माणसे अजून आहेत. त्यांना मराठीतून विचारायला हवे.